मोटारसायकलचा दिवा आणि समोरच्याचे डोळे

‘ज्याची गाडी, त्याचा दिवा’ असे एक नवे न्यायसूत्र अलीकडे आमच्या तरुण मंडळींत रूढ झालेले दिसते. गाडी स्वतःच्या पैशाने घेतलेली, बॅटरी स्वतःची, बल्बही स्वतःच निवडून आणलेला; मग तो किती लख्ख असावा आणि त्याचा झोत कोठवर पोहोचावा याविषयी इतरांनी तोंड घालण्याचे कारणच काय, असा या सूत्राचा इत्यर्थ आहे. मालकी हक्काविषयी वकिलास आदर असणारच. तो मलाही आहे. परंतु दिव्याची मालकी ही एक गोष्ट आणि उजेडाची मालकी ही दुसरी. माझ्या कुळागरातले पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या परसात शिरले, तर ‘पाणी माझे होते’ हा माझा बचाव होत नाही. किंबहुना तोच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरतो. दिवा माझ्या गाडीवर असला तरी त्याचा उजेड काच सोडून सुटला की सार्वजनिक रस्त्यावर पडतो, आणि तेथे ज्यांचे डोळे आहेत त्यांस माझ्याकडे जाब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

हा विषय मला का सुचला ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझाही दोष आहे. गेल्या कार्तिकातील गोष्ट. अंत्रुज महालातील आमच्या गावी त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री देवाची पालखी आवाराबाहेर पडून रस्त्याने वाड्यावर जाते. पुढे वाजंत्री, मागे अब्दागीर, दोन्ही बाजूंस दिवट्या, असा थाट असतो. वाटेत एके ठिकाणी रस्ता कुळागरातून वळतो. तेथे विजेचे खांब नाहीत, आणि माडा-पोफळींच्या दाटीमुळे पौर्णिमेचे चांदणेही भुईवर उतरत नाही. त्या वळणावर समोरून एक मोटारसायकल आली. वेग फार नव्हता. परंतु तिचा दिवा असा काही डोळ्यांवर आला की पुढल्या पंधरा-वीस माणसांना क्षणभर काहीच दिसेना. दिवटी धरलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, कडेला सरकले. कडा संपली आहे हे त्यांना दिसले नाही. ते गटारात पडले आणि त्यांचे मनगट मोडले. दिवटीचे तेल सांडले ते सुदैवाने कोणाच्या अंगावर गेले नाही.

गाडीवरचा मुलगा माझा सख्खा भाचा होता, आणि त्या बल्बचे पैसे दिवाळीची भेट म्हणून मीच दिले होते.

मुलगा उनाड नव्हे. तो थांबला, अण्णांना त्यानेच उचलले, इस्पितळात रात्रभर बसला तोही तोच. पहाटे घरी आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, “पूण मामा, म्हाका रस्तो बरो दिसतालो.” तो खोटे बोलत नव्हता. त्याला रस्ता खरोखरच चांगला दिसत होता, निदान तसे वाटत होते. साऱ्या प्रकरणाची मेख याच वाक्यात आहे. दिवा निवडणारा मनुष्य नेहमी दिव्याच्या मागे बसलेला असतो. पुढे उभे राहून आपला दिवा पाहण्याची बुद्धी लाखात एखाद्यास होते.

प्रतिपक्षाची बाजू आधी मांडण्याची आम्हां वकिलांची रीत आहे, म्हणून ती मांडतो. गाडीबरोबर कारखान्यातून येणारा दिवा पुष्कळदा अपुरा असतो, ही तरुणांची तक्रार अगदी खरी आहे. साखळी सोडून केरीवरून चोर्ला घाट चढावयास लागावे, आषाढातला पाऊस असावा, रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसून गेलेले असावेत, आणि गाडीच्या पुढे पंधरा पावलांवर एक पिवळट धुरकट डाग हलत असावा. त्या प्रसंगी ‘कारखान्याने दिले त्यात समाधान मानावे’ असा उपदेश करणाऱ्यास मी स्वतःच त्या गाडीवर बसवून बेळगावापर्यंत पाठवीन. कित्येक लहान गाड्यांत ३५ वॅटचा बल्ब असतो. जुन्या काही गाड्यांत तर दिव्याचा प्रवाह बॅटरीतून न येता थेट इंजिनाच्या जनित्रातून येतो, त्यामुळे चढावर इंजिन मंदावले की दिवाही डोळे मिटू लागतो. रात्री भाडी करणाऱ्या आमच्या पायलटांना विचारावे, ते याहून अधिक सांगतील. तेव्हा दिवा सुधारावा की नाही हा वादच नाही. वाद आहे तो कोणता दिवा घ्यावा याचा, आणि या निवडीत दुकानदार जे पहिल्याने पुढे करतो तेच सर्वांत वाईट असते असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

ते म्हणजे हॅलोजनच्या बल्बच्या जागी तसाच्या तसा खोचण्याचा एलईडी बल्ब. त्यात वाईट काय, हे कळण्यासाठी मूळचा बल्ब कसा आहे ते पाहिले पाहिजे. मोठ्या मोटारसायकलींत पुष्कळ काळ जो हॅलोजन बल्ब चालत आला त्याचे नाव एच-४. हा १९७१ सालापासून प्रचारात आहे. त्यावर ६०/५५ असा आकडा असतो. अप्परला साठ वॅट, डिपरला पंचावन्न. त्याच्या काचेच्या नळीत दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ही वाटी फार मोलाची आहे. तारेचा खालच्या बाजूस जाणारा उजेड ती अडवते. त्यामुळे मागच्या परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावरच उजेड पडतो आणि तेथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावा: वर काळोख, खाली उजेड, आणि दोहोंच्या मध्ये रेघ. समोरून येणाऱ्याचे डोळे त्या रेघेच्या वर राहावेत एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप आहे.

परावर्तकाचा प्रत्येक बाक तार नेमकी कोठे आहे हे धरून घडवलेला असतो. तार मिलिमीटरच्या अंशानेही सरकली तर झोत बिघडतो. आता या जागी एलईडी बल्ब आला. त्यात तार नाही. एका पट्टीच्या दोन बाजूंस चिकटवलेल्या चपट्या चिप आहेत. त्यांचा आकार तारेसारखा नाही, जागा तंतोतंत तीच नाही, आणि उजेड चोहोबाजूंस सारखा न पडता दोन बाजूंस पडतो. काहींत वाटीची नक्कल केलेली असते, काहींत तीही नसते. परावर्तक बिचारा आपले काम प्रामाणिकपणे करीतच असतो. पण खोट्या साक्षीवर दिलेला न्यायनिवाडा जसा असावा, तसा त्याचा झोत होतो. रेघ पुसट होते आणि वरच्या काळोखात उजेडाचे फवारे उडू लागतात. अण्णांच्या डोळ्यांत जो उजेड गेला तो हा.

मग भाच्याला रस्ता चांगला कसा दिसत होता? असा बल्ब पुष्कळदा गाडीच्या अगदी पुढ्यातली जमीन पांढरीफटक करून सोडतो. जवळचा भाग उजळला की मनुष्यास सारेच उजळल्यासारखे वाटते. परंतु त्या झगमगाटाने बाहुली आकुंचन पावते, आणि साठ-सत्तर मीटरांवरचा काळोख पूर्वीपेक्षा अधिक काळा होतो. धोका दूर असतो. तो जवळ आला म्हणजे दिसून उपयोग काय? ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. समोरच्याचे डोळे दिपून सावरावयास तीनच सेकंद लागले असे धरले, तरी त्याची गाडी पन्नास मीटर आंधळी धावते. वृद्धांना सावरण्यास आणखी वेळ लागतो, आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत तर उजेड आतल्या आत पसरून सारे धुके होते. आपल्या जत्रांना येणाऱ्यांत साठीपुढची माणसे किती असतात, हे वाचकांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

त्या बल्बाच्या खोक्याचीही एकदा उलटतपासणी घ्यावी. एच-४ च्या हॅलोजन बल्बाने अप्परवर १६५० आणि डिपरवर १००० ल्युमेन उजेड द्यावा, त्यात पंधरा टक्के कमी-अधिक चालेल, असे आंतरराष्ट्रीय नियमांचे बंधन आहे. आता खोके पाहा. मजजवळच्या खोक्यावर ‘दहा हजार ल्युमेन’ असे ठळक छापले आहे, आणि त्याच बाजूस बारीक अक्षरांत ‘३० वॅट’. एका वॅटमागे शंभर-दीडशे ल्युमेन म्हणजे चांगले उत्पादन. त्या हिशेबाने तीस वॅटचे फार तर साडेचार हजार झाले. एकाच कागदावर, एकाच सहीने दिलेली ही दोन विधाने परस्परांना खोटी पाडतात. असा साक्षीदार कोर्टात पाच मिनिटे टिकता ना. दुकानात मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो, कारण तेथे उलटतपासणी घ्यावयाची ती दुपारी बारा वाजता, भर उन्हात, आणि गिऱ्हाईकाचे तोंड दिव्याकडे नसून खोक्याकडे असते.

यावर एक सुशिक्षित आक्षेप येतो तो असा की, जर्मनीसारख्या काटेकोर देशानेही असे बदली बल्ब मान्य केले आहेत. खरे आहे, २०२० साली तेथे प्रथम अशी मान्यता मिळाली. पण ती कशी? अमुक बल्ब, अमुक गाडीच्या अमुक दिव्यात, तपासून पाहिल्यावर, यादीसह. म्हणजे बल्ब आणि परावर्तक यांची पत्रिका जुळवून मग लग्न. आमच्याकडे वधूवरांची गाठ थेट मांडवात पडते, आणि तीही अंधारात.

झेनॉनविषयी फार लिहीत नाही. १९९१ साली तो प्रथम मोठ्या किमतीच्या मोटारीत आला आणि तेथे त्याने चांगले नाव काढले. परंतु त्याच्या नळीत तार नसून विजेची ठिणगी जळते, ती पेटवण्यास हजारो व्होल्टांचा धक्का लागतो, आणि पूर्ण उजेड येण्यास काही सेकंद जातात. हॅलोजनच्या जुन्या दिव्यात तो खोचला म्हणजे एलईडीचे सगळे दोष दुप्पट होऊन पदरी पडतात. आता तो बाजारातूनही मागे पडत चालला आहे. त्याला शांतपणे जाऊ द्यावे.

जास्त वॅटचा हॅलोजन बल्ब हा तिसरा मोह. याविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण हे पाप मी स्वतः केलेले आहे. कायद्याची पदवी नुकतीच हाती पडली होती, गाडी नवीन होती, आणि त्या काळी १००/९० चा बल्ब लावणे हे पुरुषार्थाचे लक्षण समजले जाई. ५५ वॅटचा बल्ब बारा व्होल्टांवर साडेचार अँपियरहून थोडा अधिक प्रवाह घेतो; ९० वॅटचा साडेसात. तारेत आणि स्विचच्या टोकांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती अडीचपटीहून अधिक झाली. हे गणित मला कोणी सांगितले नव्हते. चोर्ल्यापुढे जांबोटीच्या रानात, रात्री साडेदहाच्या सुमारास, हँडलवरच्या स्विचमधून वास आला, मग धूर आला, मग दिवा गेला. पुढचे पाच-सहा मैल मी एका उसाच्या गाडीच्या मागोमाग, तिच्या मागच्या लाल दिव्यावर दृष्टी ठेवून गेलो. त्या बल्बाने आधीच्या दोन महिन्यांत किती जणांचे डोळे दिपवले असतील, हा विचार मात्र तेव्हा मनाला शिवलादेखील नाही. धूर आपल्या नाकात गेल्याशिवाय मनुष्यास आगीची कल्पना येत नाही.

आता जे करावे ते सांगतो. माझ्या मते प्रथम निवड एकच: आहे तोच हॅलोजन दिवा, आहे त्याच वॅटचा, पण त्याला त्याचे पूर्ण अन्न द्यावे. बॅटरीपासून निघालेला प्रवाह चावीच्या कुलपातून, हँडलच्या स्विचमधून, जुन्या गंजक्या जोडांतून वाट काढीत बल्बापर्यंत जातो, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी थोडा कर भरतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर हॅलोजनचा उजेड दहा टक्क्यांनी उतरत नाही. सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. जो दिवा अपुरा म्हणून आपण शिव्या घालतो, तो कित्येकदा उपाशी असतो. यास उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून जाड तार थेट दिव्याकडे न्यावी, बॅटरीलगतच फ्यूज घालावा, आणि जुन्या स्विचकडे फक्त रिलेला हुकूम देण्याचे काम ठेवावे. मीटर लावून बॅटरीवरचे व्होल्टेज आणि पेटलेल्या बल्बाच्या पायांवरचे व्होल्टेज मोजले की फरक डोळ्यांसमोर येतो. कोणताही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम तासा-दोन तासांत करतो. त्याबरोबर नवा बल्ब घ्यावा, त्याच्या काचेला बोट लावू नये (बोटाचा तेलकटपणा तापून काच तडकते), परावर्तकाचा मुलामा उडाला असल्यास दिव्याचा संपूर्ण संच बदलावा, आणि हेल्मेटच्या पुढल्या काचेवर ओरखडे असतील तर तीही बदलावी. ओरखड्यांची काच लावून नव्या दिव्याचा शोध करणारे मी बरेच पाहिले आहेत. ज्यांच्या गाडीत दिव्याला बॅटरीचा प्रवाहच मिळत नाही, त्यांनी आधी तेवढी दुरुस्ती विचारून घ्यावी. तशा चढउताराच्या प्रवाहावर एलईडी लावला तर तो लुकलुकतच राहील.

हे करूनही ज्याचे भागत नाही, रोज रात्री घाट ओलांडणे ज्याच्या नशिबी आहे, त्याने एलईडीचा संपूर्ण दिवा घ्यावा. म्हणजे बल्ब नव्हे, तर ज्याची चिप, परावर्तक किंवा भिंग आणि काच एकमेकांसाठीच घडवलेली आहेत असा एकजिनसी संच, आणि तोही शक्यतो त्या गाडीच्या उत्पादकाने त्याच गाडीसाठी मान्य केलेला. चांगल्या संचाची रेघ हॅलोजनपेक्षाही स्वच्छ असते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु येथेही एक खड्डा आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून आपल्याकडील पुष्कळ दिव्यांच्या डिपरची रेघ डावीकडे किंचित वर चढलेली असते, जेणेकरून डाव्या कडेने चालणारा मनुष्य आणि पाट्या दिसाव्यात. उजवीकडे, जिकडून समोरची गाडी येते, ती खालीच राहते. अमेरिका आणि युरोपचा बहुतेक भाग उजवीकडून चालतो, तेथल्या दिव्यांची रेघ उजवीकडे चढते. तो उत्तम, महागडा, तपासलेला दिवा आपण येथे आणून लावला म्हणजे त्याची सारी सद्बुद्धी नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते. सात इंची गोल संचांत हा घोटाळा विशेष. काचेवर डीओटी अशी अमेरिकन अक्षरे असतील तर हात जोडून परत द्यावा. युरोपीय पद्धतीच्या काचेवर वर्तुळात ई हे अक्षर आणि एक अंक असतो. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यास त्याच्याजवळ उजवीकडे रोख असलेला बाण दिसला, तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला आहे असे समजावे. अर्थात अक्षरे छापणे कोणालाही फारसे अवघड नसते. शेवटी भिंत सांगेल तेच खरे.

पुढल्या लोखंडी गार्डवर दोन-दोन, चार-चार जादा दिवे लावून दिवाळी करणाऱ्यांविषयी काय लिहावे? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १११ व्या नियमाने पुढच्या बाजूस स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास बंदी केलेली आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतली तरच ते चालतात. धुक्यासाठी पिवळा दिवा हवाच, तो धुके भेदतो, असे सांगतात. धुक्याचे थेंब असे असतात की ते सगळेच रंग जवळजवळ सारखे उधळतात. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली असण्याचा आणि त्याची रेघ स्वच्छ असण्याचा. रंगाचा महिमा दुकानदारापुरता.

कायद्याचा उल्लेख झाला आहे तर तो पुरा करतो. त्याच नियमांतील १०६ वा नियम मला फार सुंदर वाटतो, आणि आमच्या धंद्यात नियमाला सुंदर म्हणण्याची वेळ क्वचित येते. दिव्यापासून आठ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा कोणत्याही व्यक्तीला दिपवणार नाही इतका झोत खाली वळवलेला असावा, नाहीतर चालकाला तो तसा वळवता यावा, असे हा नियम म्हणतो. दीड मीटर उंचीवर डोळे असलेली ही व्यक्ती कोण? ती समोरच्या गाडीवरचा मनुष्य असेल, किंवा रस्त्याने पायी जाणारा असेल. नियम करणाऱ्याने त्याला ना नाव दिले, ना जात, ना गाडी. फक्त डोळे दिले, आणि त्या डोळ्यांच्या वतीने साऱ्या वाहनमालकांवर बंधन घातले. दिवटी घेतलेले अण्णा त्या रात्री साधारण त्याच जागी उभे होते.

याखेरीज मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘पण कोणी पकडत नाही’ असे उत्तर यावर मिळते. पोलीस पकडत नाही हे मान्य. परंतु अपघात झाल्यावर दाव्यात विरुद्ध बाजूचा वकील पकडतो. आपण जखमी झालो आणि भरपाई मागावयास गेलो, तर ‘यात तुमचीही हयगय होती’ असे म्हणून ती कमी करवून घेण्यास त्याला तुमच्या दिव्यातला तो बल्ब पुरे होईल. मी त्या बाजूस असतो तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

एक प्रतिवाद अधिक गंभीर आहे. समोरून येणारे ट्रक अप्पर खाली करीत नाहीत, नव्या मोटारींचे कारखान्यातलेच दिवे डोळे फोडतात, मग एकट्या मोटारसायकलवाल्याने सज्जन का राहावे? यातील वस्तुस्थिती मी नाकारीत नाही. उंच मोटारींचे दिवे खरोखर त्रास देतात, आणि त्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. पण ट्रकवाल्याने मला आंधळे केले म्हणून मी सायकलवाल्यास आंधळे करावे, या न्यायाचा शेवट रस्त्यावरच्या सर्वांत दुबळ्या माणसापाशी होतो, कारण त्याच्याजवळ कोणावर उलटवायला दिवाच नसतो. शिवाय मोटारसायकल हे झुकणारे वाहन आहे. घाटातल्या डाव्या वळणावर गाडी डावीकडे झुकली की झोताची उजवी बाजू वर उठते, आणि उजवीकडूनच समोरचा येत असतो. म्हणजे उत्तम दिवादेखील वळणावर थोडा दिपवतोच. बिघडलेला काय करील? त्यातच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेतो कायम पेटता असतो. तेव्हा ‘गर्दीत मी दिवा बंद करतो’ ही सबबही आता उरली नाही.

वर भिंतीचा उल्लेख केला, ती परीक्षा अशी. चाकांत हवा बरोबर भरावी, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरांवर सरळ उभी करावी, आणि मालकाने तीवर बसावे. रोज मागे कोणी बसत असेल तर त्यालाही बसवावे, कारण मागे भार पडला की पुढचा दिवा आभाळाकडे पाहू लागतो. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. न पडली तर दिव्याचा स्क्रू फिरवून पाडावी. आणि कड मुळी दिसतच नसेल, उजेडाचा नुसता ढग असेल, तर तो बल्ब काढून टाकावा. यास पैसा लागत नाही. लागते ती सपाट जमीन आणि पांढरी भिंत, आणि या दोन्ही वस्तू आमच्या बहुतेक देवस्थानांच्या आवाराबाहेर आहेत. उत्सवाच्या आधी मांडव, वीज, पार्किंग यांच्या बैठका होतात. त्यात एक संध्याकाळ या कामास देण्यास महाजनांची हरकत नसावी. आमच्या देवस्थान समितीकडे मी तसा लेखी अर्ज दिला आहे. ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर आले आहे.

भाच्याने तो बल्ब काढला. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला, आणि तो सध्या खोक्यासकट माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरील उलटतपासणी त्याचीच. भाच्याच्या गाडीत आता जुनाच ६०/५५ चा बल्ब दोन रिलेंवर चालतो. आम्ही दोघे त्या कुळागराच्या वळणावर रात्री गेलो. तो दिवा लावून गाडीवर बसला आणि मी आठ मीटर मोजून पुढे, अर्धा मीटर बाजूस उभा राहिलो. मग मी गाडीवर बसलो आणि त्याला तेथे उभे केले. त्यानंतर तो खणातला बल्ब लावूनही एकदा पाहिले. तो काही बोलला नाही, फक्त डोळ्यांवर हात धरून कडेला सरकला.

अण्णांचे मनगट जुळले आहे, पण त्या हाताची पकड पूर्वीची राहिली नाही. दिवटी धरणाऱ्याने ती खांद्यामागे कलती धरावी, आपल्या आणि दुसऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणू नये, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते, असे ते परवा सांगत होते. यंदाच्या पौर्णिमेस दिवटी त्यांचा मुलगा धरणार आहे.